बुबुळापासून पर्वतीपर्यंत

१९३३मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली आणि नव्या स्टुडिओत तिने पहिला चित्रपट केला तो ‘अमृतमंथन’. साल १९३४, दिग्दर्शक व्ही. शांताराम, कॅमेऱ्यामागे केशवराव धायबर. राजगुरूची भूमिका हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन यांनी केली, मराठीत केशवराव दाते यांनी. या चित्रपटाचा विषय निघाला की कथेच्या आधी आठवतो तो राजगुरूचा डोळा. पडदाभर पसरलेला, एकच. त्यासाठी शांतारामांनी टेलिफोटो लेन्स वापरली हे चित्रपटाच्या इतिहासात वारंवार सांगितले जाते. प्रभातच्या त्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि तेव्हापासून कॅमेरा शिकणाऱ्यांच्या पिढ्या तिथून बाहेर पडल्या. आपल्याला मात्र त्या डोळ्यापाशी थांबून एकच प्रश्न विचारायचा आहे. डोळा पडदाभर मोठा केला की त्याच चेहऱ्यावरच्या नाकाचे आणि कानाचे काय होते?

ते डोळ्याइतके स्पष्ट राहणे फार अवघड होऊन बसते. बुबुळ आणि कान यांच्यात पुढून मागे मोजले तर काही सेंटिमीटरचे अंतर असते. समोरासमोर बसून बोलताना ते कोणाच्या लक्षातही येत नाही. लेन्सला मात्र तेवढ्या अंतरात रेखीवपासून पार धूसरपर्यंत जाता येते. कोणतीही गोष्ट चौकटीत जितकी मोठी करून घ्यावी, तितका पुढचा-मागचा स्पष्ट पट्टा अरुंद होतो. हा पट्टा म्हणजेच डेप्थ ऑफ फील्ड. कॅमेऱ्यापासून दूर जाताना ज्या ठिकाणापासून ज्या ठिकाणापर्यंतच्या वस्तू फोटोत नीट दिसतात, तेवढे अंतर. तो रुंद असणे चांगले की अरुंद असणे चांगले, हा प्रश्न निरर्थक आहे. या फोटोत काय दिसायला हवे, हे आधी ठरवावे लागते आणि मग पट्टा त्या मापाचा करून घ्यावा लागतो.

पट्टा म्हटले तरी त्याला काठ नसतात. लेन्स एका वेळी एकाच अंतरावर फोकस करू शकते. तुम्ही दोन मीटरवर फोकस केला असेल, तर तंतोतंत स्पष्ट असते ते फक्त दोन मीटरवरचे. त्याच्या जरा पुढचा किंवा मागचा बिंदू सेन्सरवर बिंदू म्हणून पडत नाही, इवलीशी चकती होऊन पडतो. फोकसपासून जितके दूर जावे तितकी चकती मोठी. ती अगदी लहान असते तोवर डोळा फसतो आणि तिला बिंदूच समजतो. मोठी झाली की आपण म्हणतो, फोटो आउट आहे. छापलेला फोटो वीतभर अंतरावरून पाहताना साधारण पाव मिलिमीटरपर्यंतची चकती बहुतेकांना खटकत नाही. डेप्थ ऑफ फील्डची सगळी कोष्टके आणि मोबाइलवरची सगळी गणकयंत्रे माणसाच्या डोळ्याच्या या मर्यादेवर उभी आहेत.

याचा व्यवहारातला परिणाम पुष्कळांना उशिरा कळतो. कॅमेऱ्याच्या मागच्या तीन इंची पडद्यावर झकास दिसलेला फोटो प्रदर्शनासाठी मोठा छापून बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात लावला की त्यात एक डोळा टवटवीत आणि दुसरा झोपाळू निघतो. फोटो बिघडलेला नसतो. तो मोठा करताना चकत्याही मोठ्या झाल्या आणि पट्टा आक्रसला, इतकेच. म्हणून फोटो काढल्यावर पडद्यावर झूम करून पाहण्याची सवय पहिल्याच दिवसापासून लावून घ्यावी, आणि झूम करायचे ते डोळ्यांवर.

आता हा पट्टा कमी-जास्त कसा करायचा? ज्याला सगळे आधी हात घालतात ते ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे भोक. चष्मा घरी विसरलेला माणूस पीएमपीच्या बसची पाटी वाचताना डोळे किलकिले करतो, आणि पाटी खरोखरच थोडी बरी दिसू लागते. लेन्समध्येही हेच घडते. लेन्सच्या पूर्ण रुंदीतून शिरलेले किरण निमुळते होत सेन्सरकडे जातात. आतली पाती आवळून भोक लहान केले की हा झोत मुळातच सडपातळ होतो, आणि फोकस थोडा पुढे-मागे झाला तरी पडणारी चकती लहानच राहते. भोक मोठे ठेवले की झोत रुंद, चकती मोठी, पट्टा अरुंद.

भोकाचे माप एफ-आकड्यात सांगतात: लेन्सच्या फोकल लेंथला भोकाच्या व्यासाने भागायचे. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/२ म्हणजे २५ मिलिमीटरचे भोक, एफ/१६ म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटरचे. आकडा मोठा तर भोक लहान, हा उलटा हिशेब नवशिक्याला पहिले काही दिवस छळतो. तो अपूर्णांक समजून वाचावा. एक-सोळांश हे एक-द्वितीयांशापेक्षा लहान, एवढे चौथीतल्या मुलालाही कळते. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या ओळीतल्या प्रत्येक पुढच्या आकड्याला प्रकाश निम्मा होतो. म्हणून भोक लहान करणे कधीच फुकट पडत नाही: एफ/१.८वरून एफ/८वर गेलात की प्रकाश सुमारे विसावा हिस्सा उरतो. जिथे शटर एका सेकंदाच्या दोनशेव्या भागापुरते उघडत होते, तिथे ते दहाव्या भागापर्यंत उघडे ठेवावे लागेल, आणि तेवढ्या वेळात माणूस हलतो. अमृतमंथनच्या काळातली फिल्म आजच्या सेन्सरच्या मानाने फारच मंद होती. तिच्यावर भोक लहान करायचे तर स्टुडिओत दिव्यांचा भडिमार करावा लागे. आज आयएसओ, म्हणजे सेन्सरच्या प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा, वाढवला की भागते, थोडे दाणे पदरात घ्यावे लागतात.

ॲपर्चरइतकेच, किंबहुना माझ्या मते त्याहून जास्त, महत्त्वाचे आहे तुमचे आणि समोरच्या माणसाचे अंतर. शिकवण्यांमध्ये ते दुसऱ्या क्रमांकावर येते. ते पहिले यायला हवे. पुण्यात कॅमेरा घेणारा विद्यार्थी बहुधा एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा घेतो आणि किट लेन्सचा कंटाळा आला की ५० मिलिमीटर एफ/१.८ची लेन्स घेतो, कारण ती स्वस्त आणि चांगली आहे. याच जोडीचा हिशेब करू. एफ/१.८ ठेवून दोन मीटरवरच्या मैत्रिणीचा फोटो काढला, तर स्पष्ट पट्टा सुमारे ११ सेंटिमीटरचा मिळतो. नाकापासून कानापर्यंतचा चेहरा त्यात कसाबसा बसतो. ॲपर्चरला हात न लावता फक्त पुढे होऊन एक मीटरवर या. पट्टा उरतो पावणेतीन सेंटिमीटर. अंतर निम्मे, पट्टा पाव. आता तिने मान जरा तिरकी केली तरी एकच डोळा स्पष्ट येणार. एफ/८वर दोन मीटरला हाच पट्टा अर्ध्या मीटरचा होतो. ‘माझ्या लेन्सचा फोकस चुकतो’ ही तक्रार घेऊन दुकानात जाण्यापूर्वी दोन पावले मागे सरकून पाहावे.

लग्नात हे अंतराचे गणित फार उपयोगी पडते. अंतरपाट धरलेला असतो, अलीकडे नवरी, पलीकडे नवरा, मंगलाष्टके शेवटच्या ‘सावधान’पर्यंत आलेली. नवरीच्या खांद्यामागून फोटो घेतला तर दोघे कॅमेऱ्यापासून वेगवेगळ्या अंतरांवर पडतात. एकाला स्पष्ट ठेवले की दुसरा जातो. बाजूला सरकून अंतरपाटाच्या रेषेत उभे राहा. दोघेही तुमच्यापासून सारख्याच अंतरावर येतील आणि एफ/१.८ असले तरी दोघांच्या डोळ्यांतले पाणी दिसेल. स्पष्टतेचा पट्टा कॅमेऱ्याला समांतर असतो. माणसांना त्या पातळीत आणणे जमले, तर ॲपर्चर लहान करावेच लागत नाही.

घरच्या सगळ्यांचा एकत्र फोटो हा त्याहून कठीण प्रसंग. खुर्च्यांवर आजी-आजोबा, मागे काका-काकू, त्यामागे चुलत-मामे भावंडे उंचीनुसार, आणि पुढे सतरंजीवर न बसणारी पोरे. ओळींची खोली सहज दीड मीटर होते. पन्नासची लेन्स, चार मीटर अंतर, फोकस खुर्चीतल्या आजींवर. एफ/१.८वर आजींच्या पुढे २१ आणि मागे २४ सेंटिमीटर मिळतात. म्हणजे आजी छान, काका धूसर, भावंडे ओळखू येणार नाहीत. एफ/८वर आजींच्या पुढे ८० सेंटिमीटर आणि मागे जवळजवळ १ मीटर ३५ सेंटिमीटर मिळतात. सगळे मावतात. या आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते. पट्टा फोकसच्या पुढे कमी आणि मागे जास्त पसरतो. पुढे एक-तृतीयांश, मागे दोन-तृतीयांश, असा नियम पुष्कळ ठिकाणी छापलेला असतो. तो ठराविक अंतरालाच खरा आहे. जवळून काढलेल्या फोटोत दोन्ही बाजू जवळपास सारख्या असतात, लांब गेलो की मागची बाजू वाढत जाते. तरीही ग्रुप फोटोत फोकस शेवटच्या ओळीवर न धरता पुढच्या दोन ओळींच्या आसपास धरावा, हा सल्ला त्यातून निघतोच. आणि कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यांत एफ/८ परवडत नसेल तर सगळ्यांना मांडवाबाहेर उघड्यावरच्या सावलीत आणावे. जेवणाची पहिली पंगत बसण्यापूर्वी आणावे, नंतर कोणी येत नाही.

प्रत्येक वेळी भोक लहान करता येतेच असे नाही. पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३मध्ये सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात संध्याकाळनंतर रंगमंचावर दिव्यांचाच काय तो उजेड. गाणे चालू असताना गायकाच्या तोंडावर फ्लॅश मारणे हा असभ्यपणा आहे. अशा ठिकाणी फुल फ्रेम (एपीएस-सीपेक्षा मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, २०० मिलिमीटरची लेन्स आणि एफ/२.८ अशी सामग्री घेऊन दहा मीटरवर बसले, तर पट्टा मिळतो ४० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे फोकसच्या पुढे वीतभर आणि मागे वीतभर. गायकाचा चेहरा त्यात येतो, मागे तानपुऱ्यावर बसलेला शिष्य येत नाही, आणि तान घेताना प्रेक्षकांकडे झेपावलेला हातही येत नाही. आता निवड करणे भाग आहे. चेहरा स्पष्ट आणि हात धूसर, हा चालणारा फोटो. हात स्पष्ट आणि चेहरा धूसर, हा क्वचित जमणारा, पण जमला तर लक्षात राहणारा. तबलजीचे बोलायचे तर त्याची बोटे आणि डोळे एका पट्ट्यात आणायला त्याने मान खाली घालण्याची वाट पाहावी लागते. चांगली मैफल टिपणारे छायाचित्रकार गाणे कान देऊन ऐकतात यामागे रसिकता आहेच. पण सम कधी येणार हे कळले तर मान आणि हात कधी कुठे जाणार हेही कळते, हा धंद्याचा भागही त्यात आहे.

तिसरी गोष्ट फोकल लेंथ, आणि तिच्याविषयी अर्धवट समजूत फार पसरली आहे. टेलिफोटो लेन्सने मागचे जास्त धूसर होते, असे म्हणतात. एकाच जागी उभे राहून लेन्स बदलली तर ते खरेच आहे, कारण माणूस चौकटीत मोठा होतो. पण माणूस चौकटीत तेवढाच ठेवायचा असेल तर? शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोरच्या मोकळ्या जागेत हा प्रयोग करावा, तिथे मागे-पुढे व्हायला ऐसपैस जागा आहे. मित्राला दरवाजाच्या वीसेक मीटर अलीकडे उभा करा. एपीएस-सी कॅमेऱ्यावर एफ/५.६ कायम ठेवा. आधी २५ मिलिमीटरला झूम ठेवून दोन मीटरवरून फोटो घ्या. मग १०० मिलिमीटरला झूम नेऊन आठ मीटरवर जा आणि पुन्हा घ्या. मित्र दोन्हींत तेवढाच मोठा दिसेल. स्पष्ट पट्टा पहिल्यात साधारण १.६ मीटर, दुसऱ्यात १.४ मीटर. फरक जवळपास नाहीच! तरी दोन फोटो शेजारी ठेवले की दुसऱ्यातली पार्श्वभूमी कितीतरी धूसर वाटते. कारण दरवाजा दुसऱ्या फोटोत तिपटीने मोठा येतो, आणि त्याच्याबरोबर त्याचा धूसरपणाही मोठा होतो. पहिल्या फोटोत बुरूज, तट, नगारखाना असा सगळा वाडा मित्रामागे लहानसा का होईना, ओळखू येतो. दुसऱ्यात दरवाजाचा एक तुकडा उरतो. फोकल लेंथने पट्टा बदलण्यापेक्षा तुमच्या मित्रामागे किती पुणे राहणार हे जास्त ठरते.

हे पुणे राहणे मला महत्त्वाचे वाटते. एफ/१.८ची लेन्स हातात आल्यावर सहा महिने सगळे फोटो एफ/१.८वर काढले जातात, यात काही गैर नाही. नव्या खेळण्याशी खेळणारच. त्यानंतरही तेच चालू राहिले की प्रत्येक फोटोत एक चेहरा आणि मागे रंगीत गोळे. हे गोळे तुळशीबागेतले, बाणेरच्या कॅफेतले की भलत्याच शहरातले, काही कळत नाही. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर ढोल वाजवणारी मुलगी टिपायची आहे. एफ/१.८ने तिचा घामेजलेला चेहरा सुरेख येईल. पण तिच्यामागे ढोलांची रांग आहे, वर भगवा ध्वज नाचवणारा आहे, जुन्या इमारतींच्या गॅलऱ्यांतून वाकून बघणारे लोक आहेत. हे सगळे पुसून टाकले तर मुलगी राहते, मिरवणूक जाते. अशा वेळी एफ/४ किंवा एफ/५.६ पुरते. मागचे लोक स्पष्ट नसतात, पण लोक आहेत हे कळते. ध्वज ध्वज राहतो. पूर्ण स्पष्ट आणि पूर्ण पुसट यांच्यामधला हा पल्ला सर्वांत कमी वापरला जातो आणि सर्वांत कामाचा आहे. मंडईत भाजीच्या ढिगाआड बसलेल्या मावशींचा फोटो असो की अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या चळतींमागचा दुकानदार असो, ढीग आणि चळत जेमतेम ओळखू येईल इतके राहू द्यावे.

दुसरे टोक कीटकांचे. पावसाळ्यात वेताळ टेकडीवर मॅक्रो लेन्स घेऊन गवतात पालथी पडलेली मंडळी दिसतात. कीटक सेन्सरवर प्रत्यक्ष आकाराएवढा घेतला, तर एफ/८ असूनही पट्टा पाऊण मिलिमीटरदेखील भरत नाही. मुंगीचे डोके स्पष्ट आले तर पोट जाते. इथे एफ/२२ लावण्याचा मोह होतो. तो आवरावा, भोक फारच लहान झाले की किरण त्याच्या कडेला वळतात आणि सगळाच फोटो मऊ पडतो. त्याऐवजी कीटकाला आडवा धरावा, म्हणजे त्याचे अख्खे शरीर एकाच पातळीत येईल. अंतरपाटाची युक्ती इथेही चालते.

मोबाइलचा प्रकार वेगळा. त्याच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ साधारण पाच ते सात मिलिमीटर असते. एवढ्या छोट्या लेन्सला एफ/१.८ असले तरी भोक तीन-चार मिलिमीटरचेच, म्हणून तीनेक मीटरवर फोकस केला की दीड-दोन मीटरपासून क्षितिजापर्यंत बहुतेक सगळे स्पष्ट. पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमी लेन्सने केलेली नसते. माणूस कुठे संपतो याचा अंदाज बांधून सॉफ्टवेअर ती नंतर रंगवते. म्हणून आजोबांच्या चष्म्याची काडी अर्धी गायब होते आणि ताईच्या गजऱ्यातले एखादे फूल भिंतीत विरघळते. खरी लेन्स पट्ट्याच्या कडेला हळूहळू धूसर होत जाते, मोबाइल बऱ्याचदा कात्री चालवतो. तरीही मोबाइल कमी समजू नये. ज्या फोटोत सगळेच दिसायला हवे, तिथे तो न मागता तुमच्या बाजूने असतो.

असा सगळे दिसायला हवे असणारा फोटो काढायला पर्वतीसारखी जागा नाही. १०३ पायऱ्या चढून नानासाहेब पेशव्यांनी १७४९मध्ये बांधलेल्या देवदेवेश्वराच्या मंदिरापाशी आलात की खाली शहर पसरलेले असते. समोर हाताशी दगडी कठडा आहे, तोही स्पष्ट हवा आणि क्षितिजावरच्या इमारतीही. इथे बहुतेक जण इमारतींवर फोकस करतात, म्हणजे पट्ट्याचा मागचा सगळा भाग क्षितिजापलीकडे वाया घालवतात. एपीएस-सी कॅमेऱ्यावर १८ मिलिमीटर आणि एफ/८ असेल तर असा फोकस करून दोन मीटरपासून पुढचे स्पष्ट येते. एक मीटरवरचा कठडा राहून जातो. फोकस दोन मीटरवर आणा, तर एक मीटरपासून अनंतापर्यंत सगळे पट्ट्यात येते. या ठराविक अंतराला हायपरफोकल अंतर म्हणतात. ते लेन्सगणिक आणि ॲपर्चरगणिक बदलते, आणि मोबाइलवरचे कोणतेही गणकयंत्र ते सांगते. दोन मीटरवरच्या एखाद्या पायरीवर किंवा माणसाच्या चपलेवर फोकस धरावा, मग ऑटोफोकस बंद करावा आणि त्यानंतर झूमच्या कड्याला हात लावू नये. झूम ५५ मिलिमीटरवर गेला की त्या दोन मीटरचे एकोणीस मीटर होतात आणि कठड्याचा नाद सोडावा लागतो. हे सगळे नेमके करूनही दूरच्या इमारती फिकट आल्या, तर ॲपर्चरशी झटापट करू नये. हिवाळ्याच्या सकाळी शहरावर धुरके साचलेले असते आणि एफ/१६ने ते हटत नाही. पावसाची चांगली सर पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वर यावे.